गणित-भौतिकशास्त्र जोडीने शिकताना: प्रवेशापासून एमएस्सीच्या दारापर्यंत

बारावीला पीसीएम होतं, दोन्ही विषय आवडतात, इंजिनीअरिंग नको आहे आणि यातला कोणता सोडायचा हे काही केल्या ठरत नाही. अशा विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. घरच्यांना समजावण्याचा भाग तुमच्याकडे. इथे फक्त प्रत्यक्ष काय करायचं ते आहे.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत हे दोन विभाग वेगळ्या मजल्यांवर असतात. त्यांची वेळापत्रकं वेगळी, चिन्हं वेगळी आणि उत्तर कसं लिहायचं याच्या अपेक्षाही वेगळ्या. रँग्लर परांजपे १८९९ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले आले, तेव्हा यामिकी, प्रकाश, वीज हे सगळं तिथे ‘गणित’ म्हणूनच मोडत असे. आज ते सोयीनं दोन दालनांत ठेवलेलं आहे आणि मधली भिंत पाडायचं काम कुठल्याच प्राध्यापकांच्या वेळापत्रकात नसतं. ते तुम्हालाच करायचं आहे, आणि त्याची सुरुवात प्रवेशाच्या अर्जापासून होते.

१. पदवीचा प्रकार आधी ओळखा

‘मॅथ्स-फिजिक्स करतोय’ या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात.

पहिली, नावातच दोन्ही विषय असलेली पदवी. चेन्नईजवळ सिरुसेरीला चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे. तिथे तीन वर्षांची बीएस्सी ऑनर्स (गणित आणि भौतिकशास्त्र) करता येते. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून होतो. जेईईची तयारी थोडी उपयोगी पडते, पण इथे सूत्र आठवण्यापेक्षा कारण लिहिता येण्याला जास्त किंमत आहे.

दुसरी, पाच वर्षांची एकात्मिक पदवी. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्था आहेत. आयसर पुणे (स्थापना २००६) आणि इतर आयसर संस्थांत बीएस-एमएस आहे. भुवनेश्वरची नायसर ही विज्ञान संस्था आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना आवारातलं सीईबीएस हे मूलभूत विज्ञानाचं केंद्र इथे एकात्मिक एमएस्सी आहे. सुरुवातीला सगळी विज्ञानं शिकावी लागतात, मग हळूहळू कल ठरवता येतो. दोन विषयांत घुटमळणाऱ्यांना हा मार्ग सर्वांत माफ करणारा आहे.

तिसरी, बंगळूरच्या आयआयएस्सीची चार वर्षांची संशोधनकेंद्री बीएस.

चौथी, आपल्या जवळच्या कॉलेजची साधी बीएस्सी. बहुसंख्य मुलं इथेच येतात. खालचा बराचसा मजकूर त्यांनाच डोळ्यांसमोर ठेवून आहे, पण चौथ्या मुद्द्यापासून पुढचं सगळ्यांनाच लागू पडतं.

आयसरसाठी आयएटी ही परीक्षा आहे. १८० मिनिटांत ६० प्रश्न, जीवशास्त्र, रसायन, गणित आणि भौतिक यांचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, एकूण २४०. जीवशास्त्र सोडलेल्या पीसीएमवाल्यांच्या हातून इथे ६० गुण जाऊ शकतात. म्हणून दहावीच्या पातळीचं जीवशास्त्र आणि अकरावी-बारावीतलं पेशी, आनुवंशिकता एवढं तरी वाचून जा, आणि जे येत नाही तिथे अंदाजपंचे टिकमार्क करू नका. नायसर आणि सीईबीएससाठी नेस्ट ही परीक्षा आहे. तिच्या गुणवत्ता यादीत सर्वाधिक गुणांचे तीन विभाग धरतात, त्यामुळे जीवशास्त्र नसलेल्यांची तिथे अडचण कमी होते.

सापळा असा की, या परीक्षांचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या आसपास निघतात आणि बहुतेकदा निकालाआधीच बंद होतात. ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांसाठी चौथा पर्याय तेवढा शिल्लक राहतो.

२. मेजर कोणता, मायनर कोणता

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची रचना स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ ला आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आली. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे, दुसऱ्या वर्षी त्यातला एक मेजर (मुख्य), एक मायनर (दुय्यम) करायचा आणि तिसऱ्याला निरोप द्यायचा असा क्रम आहे. म्हणजे पहिल्या वर्षीच्या तिघांत गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही असलेच पाहिजेत. प्रवेशाच्या गर्दीत खिडकीवरचे कारकून ‘गणिताची बॅच भरली, इलेक्ट्रॉनिक्स घ्या’ म्हणतात आणि विद्यार्थी मान डोलावतो. ती मान डोलावणं पुढची तीन वर्षं निस्तरावं लागतं.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन, शक्यतो विभागप्रमुखांनाच, हे विचारा:

- भौतिकशास्त्र मेजर आणि गणित मायनर (किंवा उलट) ही जोडी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रत्यक्षात चालते का, की फक्त माहितीपत्रकात आहे?
- मायनरला कोणते पेपर असतात? नावं लिहून घ्या.
- मायनरचे तास आणि मेजरची प्रॅक्टिकलची बॅच एकाच वेळी येते का?
- किमान किती विद्यार्थी असले तर मायनरचा वर्ग सुरू होतो?
- चौथं (ऑनर्सचं) वर्ष याच कॉलेजात आहे का?

तिसरा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सर्वांत जास्त घोळ तिथेच होतो. प्रॅक्टिकल सलग तीन-चार तासांचं असतं आणि त्यावर गणिताचा तास आला की दर आठवड्याला काहीतरी एक बुडतं.

दुहेरी मेजर हा शब्दही कानावर येईल. यूजीसीच्या आराखड्याप्रमाणे दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के क्रेडिट (तासांवरून मोजलेली अभ्यासाची एककं) झाले तर दुहेरी मेजर मिळू शकतं. म्हणजे १२० क्रेडिटच्या पदवीत ४८. नेहमीच्या मायनरमधून इतके क्रेडिट होत नाहीत. तुमचं विद्यापीठ ते देतं का आणि कॉलेज तेवढे पेपर शिकवतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

मेजर कोणता घ्यावा? ठरतच नसेल तर आमचं मत भौतिकशास्त्राकडे झुकतं. कारण साधं आहे, प्रयोगशाळा घरी उभी करता येत नाही. विश्लेषण आणि बीजगणित मात्र पुस्तक, वही आणि वही तपासून देणारं कुणीतरी एवढ्या भांडवलावर बरंच पुढे नेता येतं. अपवाद त्यांचा, ज्यांना सिद्धता लिहिण्यातच खरी मजा येते. त्यांनी गणित मेजर घ्यावं आणि मागे वळून बघू नये. मायनर गणित असेल तर पेपर निवडताना रिअल ॲनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि कॉम्प्लेक्स ॲनालिसिस यांना आधी जागा द्या. ‘उपयोजित’ असं आकर्षक नाव असलेले पेपर तुलनेनं सोपे जातात, पण क्वांटम मेकॅनिक्सच्या वर्गात ते मदतीला येत नाहीत.

३. कागदपत्रं

एका फोल्डरमध्ये मूळ प्रती, दुसऱ्यात प्रत्येकी किमान तीन झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन, असं ठेवा.

- दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका
- शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला (लीव्हिंग)
- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो, सहीचं स्कॅन
- दुसऱ्या मंडळातून (सीबीएसई वगैरे) येत असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट
- राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि लागू असेल तर चालू मुदतीचं नॉन-क्रीमी लेअर
- उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी (आता अपार आयडी)
- आधारशी जोडलेलं बँक खातं, महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीसाठी

लीव्हिंग मूळ प्रतीत जमा होतं आणि सहज परत मिळत नाही, म्हणून जमा करण्याआधी त्याच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांसाठी विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी वेगळी आणि कॉलेजचा अर्ज वेगळा असतो. एक भरून दुसरा राहिला असं दरवर्षी कुणा ना कुणाचं होतं. नावाचं स्पेलिंग आधार, बारावी आणि एबीसी आयडी या तिन्हींवर सारखं आहे का तेही आताच बघा. क्रेडिट जमा व्हायच्या वेळी ते उलगडत बसणं त्रासाचं असतं.

४. कॉलेज सुरू होण्याआधीचे सहा आठवडे

नवीन काही शिकायला घाई करू नका. बारावीचं हात बसेपर्यंत पक्कं करा. रोज दहा इंटिग्रेशन, पुस्तक न बघता. साइन, कॉस आणि घातांकी फलाच्या टेलर मालिका पहिल्या तीन पदांपर्यंत तोंडपाठ. सदिशांचा डॉट आणि क्रॉस गुणाकार. संमिश्र संख्येचं ध्रुवीय रूप. शेवटच्या दोन आठवड्यांत दुसऱ्या क्रमाचं, स्थिर सहगुणकांचं रेषीय डिफरन्शियल इक्वेशन सोडवायला शिका. ते कॉलेजच्या गणितात उशिरा येतं आणि भौतिकशास्त्रात स्प्रिंग हलायला लागली की लगेच लागतं.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात असाल तर संवेग, त्वरण, कार्य हे शब्द डोक्यात घट्ट बसलेले असतात. ते पुसू नका. उलट इंग्रजी व्याख्या वाचली की ती मराठीत एका वाक्यात सांगून बघा. जमलं नाही, तर ती व्याख्या अजून कळलेली नाही.

५. गणित लागेल त्याच्या पंधरा दिवस आधी शिका

या जोडीतली खरी अडचण ही आहे. भौतिकशास्त्राला जे गणित आज हवं असतं, ते गणिताच्या वर्गात सहा महिन्यांनी, कधी वर्षानं येतं. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ‘हे तुम्हाला मॅथ्समध्ये शिकवतीलच’ म्हणतात आणि गणिताचे म्हणतात ‘हे तुम्ही फिजिक्समध्ये बघितलंच असेल’. मधल्या खड्ड्यात विद्यार्थी.

उपाय नियोजनाचा आहे. सेमिस्टर सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम समोर घ्या आणि प्रत्येक घटकापुढे लागणारं गणित लिहा. साधारण असा तक्ता होईल:

- दोलनं: दुसऱ्या क्रमाची रेषीय समीकरणं, संमिश्र घातांक
- विद्युतस्थितिकी: आंशिक विकलन, रेषा आणि पृष्ठ संकलन, डायव्हर्जन्स, कर्ल, गाउस आणि स्टोक्सची प्रमेयं
- उष्मागतिकी: अनेक चलांची फलं, एक्झॅक्ट डिफरन्शियल
- लग्रांजची यामिकी: व्हेरिएशनचं कलन
- क्वांटम: संमिश्र सदिश अवकाश, आयगेनव्हॅल्यू, फूरियर रूपांतर
- सांख्यिकी यामिकी: मोजणीचे नियम, स्टर्लिंगचं सूत्र, गॅमा फल

मग प्रत्येक गणिती घटक दोनदा शिका. पहिल्यांदा फक्त हात चालवण्यापुरता: सूत्र काय, कधी वापरायचं, दहा उदाहरणं. आठवड्याला तीन-चार तास पुरतात. हे भौतिकशास्त्रात लागण्याच्या पंधरा दिवस आधी झालं पाहिजे. दुसऱ्यांदा, गणिताच्या वर्गात तो विषय येईल तेव्हा, सिद्धतेसकट. दुसऱ्या फेरीत तुम्ही वर्गातल्या इतरांच्या पुढे असता, कारण डायव्हर्जन्स म्हणजे एखाद्या बिंदूतून काय वाहून जातंय याचं चित्र तुमच्याकडे आधीपासून असतं.

उष्मागतिकीबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथे हुशार मुलंही फसतात. डीवाय भागिले डीएक्स हा अपूर्णांक असल्यासारखं वागायची सवय बारावीत लागते आणि एका चलात ती खपूनही जाते. आंशिक विकलनात ती दगा देते. दाब, आकारमान आणि तापमान यांच्यात दाबाचं आकारमानानुसार, आकारमानाचं तापमानानुसार आणि तापमानाचं दाबानुसार असं चक्राकार आंशिक विकलन करून गुणाकार केला, तर अपूर्णांकांसारखं छाटून उत्तर १ यायला हवं. येतं उणे १. आदर्श वायूचं समीकरण घेऊन हे स्वतः करून बघा, पाच मिनिटं लागतात. प्रत्येक पदात स्थिर धरलेलं चल वेगळं आहे, म्हणून छाटाछाट चालत नाही. यापुढे आंशिक विकलन लिहिताना कोणतं चल स्थिर आहे ते खाली कंसात लिहायचा आळस करू नका.

६. चिन्हांचा शब्दकोश ठेवा

दोन्ही विभाग एकच चिन्ह वेगळ्या अर्थानं वापरतात आणि हे कुणीही सांगत नाही. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा, एका बाजूला ‘गणितात’, दुसऱ्या बाजूला ‘भौतिकात’. सुरुवातीच्या नोंदी या:

गोलीय निर्देशकांत भौतिकवाले झेड-अक्षापासूनच्या कोनाला थीटा म्हणतात आणि अक्षाभोवती फिरणाऱ्या कोनाला फाय. गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत नेमकं उलट असतं. आकारमानाच्या संकलनात साइन कोणत्या कोनाचा, हे यावर ठरतं.

संमिश्र सदिशांचा इनर प्रॉडक्ट गणितात बहुधा पहिल्या जागी रेषीय असतो, भौतिकात दुसऱ्या जागी. दोन्हीकडचं अर्धं-अर्धं उचललं की उत्तराची कॉन्जुगेट हाती येते आणि चूक सापडता सापडत नाही.

चांदणी हे सर्वांत दगाबाज चिन्ह. भौतिकात चांदणी म्हणजे संमिश्र कॉन्जुगेट आणि ॲडजॉइंटसाठी खंजिरासारखी खूण. गणितात कॉन्जुगेटला वर आडवी रेघ, आणि चांदणी म्हणजे ॲडजॉइंट.

फूरियर रूपांतरात दोन-पाय कुठे ठेवायचा याच्या निदान तीन पद्धती आहेत. नवं पुस्तक उघडलं की आधी त्याची व्याख्या वहीत उतरवा.

गणितात नुसतं ‘लॉग’ लिहिलं की नैसर्गिक लॉगॅरिदम समजतात. प्रॅक्टिकलच्या लॉग टेबलमध्ये पाया १० असतो.

डिरॅकचा डेल्टा हे नेहमीच्या अर्थानं फल नाही. संकलनाच्या आत असेल तोवर त्याला फलासारखं वागवा, बाहेर एकटं सोडू नका. गणिताच्या पेपरात तर त्याचं नावही काढू नका.

७. सिद्धता लिहायची सवय

रिअल ॲनालिसिसचा पहिला महिना जवळजवळ सगळ्यांना जड जातो. बारावीत ९५ पडलेल्यांना जास्तच, कारण तिथे उत्तर काढायचं होतं आणि इथे उत्तर आधीच दिलेलं असतं.

एप्सिलॉन-डेल्टाची व्याख्या पाठ करून उपयोग नाही, शब्दांचा क्रम समजला पाहिजे. ‘प्रत्येक एप्सिलॉनसाठी एक डेल्टा सापडतो’ आणि ‘एक डेल्टा असा आहे जो प्रत्येक एप्सिलॉनला चालतो’ ही दोन वेगळी विधानं आहेत. डेल्टा बिंदूवर अवलंबून असू शकतो की सगळ्या बिंदूंना एकच चालायला हवा, यावर साधं सांतत्य आणि एकसमान सांतत्य वेगळी होतात. परीक्षेत हमखास विचारतात.

एक वेगळी पातळ वही फक्त उलट-उदाहरणांची ठेवा. पहिलं पान: एक्सचा एनवा घात, ० ते १ या बंद अंतरावर. प्रत्येक फल सतत आहे. एन वाढवत नेला की सीमा मात्र १ पाशी एकदम उडी मारते. भौतिकशास्त्रात आपण सीमा आणि संकलन बिनदिक्कत अदलाबदल करतो, त्या वेळी हे पान आठवलं पाहिजे. दर आठवड्याला एक उदाहरण घातलं तरी वर्षाअखेर पन्नास होतात.

सिद्धता लिहून झाली की दुसऱ्या कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा. तिघांचा गट पुरे. ऐकणाऱ्याचं काम एकच, प्रत्येक ओळीला ‘का?’ विचारायचं. ‘ते उघडच आहे’ असं उत्तर आलं की चूक बहुतेक तिथेच असते.

उलट, भौतिकशास्त्राच्या उत्तरात गणितवाले नेमकं हे विसरतात: एकक बरोबर आहे का, वस्तुमान शून्य केलं किंवा कोन नव्वद अंश केला तर उत्तर शहाण्यासारखं वागतं का, आणि आकडा जगातला वाटतो का. इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशापेक्षा जास्त काढून त्याखाली दोन रेघा मारणारे खूप आहेत.

८. प्रॅक्टिकल आणि जर्नल

प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३० तास, थिअरीच्या एका क्रेडिटला १५. दोन क्रेडिटचं प्रॅक्टिकल म्हणजे पंधरा आठवडे, दर आठवड्याला चार तास. गणिताकडे ओढा असलेली मुलं हे तास ‘उरकून’ टाकतात आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) अडकतात.

साध्या लंबकाचं उदाहरण घेऊ. लांबी १ मीटर असेल तर एका दोलनाला सुमारे २ सेकंद लागतात. स्टॉपवॉच दाबताना हाताची चूक ०.२ सेकंद धरा. एकच दोलन मोजलं तर वेळेत १० टक्के चूक. गुरुत्व त्वरणाच्या सूत्रात वेळेचा वर्ग आहे, म्हणून तिथे ती २० टक्के होते. वीस दोलनं मोजली तर ४० सेकंदांत ०.२, म्हणजे अर्धा टक्का आणि त्वरणात १ टक्का. ‘वीस दोलनं मोजा’ या सूचनेमागचं कारण एवढंच, आणि व्हायवात तेच विचारतात.

लंबक किती कोनातून सोडायचा? ५ अंशांना आवर्तकाल नेहमीच्या सूत्रापेक्षा जेमतेम ०.०५ टक्के जास्त येतो, २० अंशांना सुमारे ०.७६ टक्के. म्हणजे २० अंशांवरून सोडलात तर त्वरण दीड टक्का कमी येणार, वीस काय, दोनशे दोलनं मोजलीत तरी.

लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. नुसत्या दोऱ्याचीच मोजली आणि गोळ्याचा व्यास २ सेंटिमीटर असेल, तर १ मीटरला १ टक्का गेला. पण लांबी आडव्या आणि आवर्तकालाचा वर्ग उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर ही चूक चढावर काहीच परिणाम करत नाही. रेषा फक्त आरंभबिंदूतून न जाता आडव्या अक्षाला १ सेंटिमीटर डावीकडे छेदते. सुटे आकडे सूत्रात घालून सरासरी काढण्यापेक्षा आलेख का काढायचा, ते इथे कळतं. चढ काढताना मात्र मोजलेले बिंदू नकोत, आखलेल्या रेषेवरचे एकमेकांपासून लांबचे दोन बिंदू घ्या.

बाकी नेहमीचे सापळे: स्क्रू गेजची शून्यत्रुटी नोंदवायची राहते. ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा स्क्रू पुढे-मागे फिरवला की बॅकलॅश (स्क्रूच्या ढिलाईची चूक) येतो, म्हणून सगळी रीडिंग एकाच दिशेनं घ्या. कॅल्क्युलेटर डिग्रीवर असतो आणि सूत्राला रेडियन हवे असतात. रीडिंग पेन्सिलीनं लिहून मग ‘सुधारली’ जातात, हे तर करूच नका. पेनानं लिहा, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवं लिहा.

जर्नल (प्रयोगवही) त्याच आठवड्यात तपासून घ्या. सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत आणि सेमिस्टरअखेरीला सहीसाठी जी रांग लागते तिच्यात अभ्यासाचे दोन दिवस जातात.

९. संगणक: थोडा, पण पहिल्या वर्षापासून

पायथन, त्यात नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब आणि ज्युपिटर नोटबुक, सगळं फुकट. जुना लॅपटॉप चालतो. दुसऱ्या वर्षी लाटेक्स शिका, प्रकल्प अहवालाला लागेलच.

पहिला सराव हा करा. स्प्रिंगवरच्या वस्तुमानाचं समीकरण ऑयलरच्या साध्या पद्धतीनं सोडवा, कोनीय वारंवारता १, वेळेची पायरी ०.०१, एक हजार पायऱ्या. मग ऊर्जा मोजा. ती सुमारे साडेदहा टक्के वाढलेली दिसेल. घर्षण नाही, बाहेरून धक्का नाही, तरी ऊर्जा वाढली. दर पायरीला ती १.०००१ पट होते, आणि हे कागदावर दोन ओळींत सिद्ध करता येतं. आता एकच बदल करा: आधी नवा वेग काढा आणि स्थान बदलताना तो नवा वेग वापरा. ऊर्जा थोडी खालीवर होत राहील, पण पळून जाणार नाही. गणित आणि भौतिकशास्त्र एकाच वहीत आणणारा याहून स्वस्त सराव नाही.

१०. परीक्षा

गणिताच्या पेपरात प्रमेय मागितलं की अटींसकट लिहा. मध्यमान प्रमेयात ‘बंद अंतरावर सतत, खुल्या अंतरावर विकलनीय’ हे राहिलं तर पुढची सिद्धता बिनचूक असूनही गुण कापले जातात. भौतिकशास्त्रात आकृती, गृहीतकं, मग मांडणी आणि शेवटी एकक. इंटरनल आणि लेखी यांत वेगवेगळं पास व्हावं लागतं का, एटीकेटीला (राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षात जायला) किती विषय चालतात आणि हजेरीची ७५ टक्क्यांची अट कशी मोजतात, हे पहिल्याच महिन्यात नियमपत्रकातून वाचून घ्या. सिनिअरनी सांगितलेले नियम बहुधा जुन्या पॅटर्नचे असतात.

११. कॉलेजबाहेरचं शिक्षण

गणितासाठी माधव गणित स्पर्धा आहे, पुण्याचं एस. पी. कॉलेज आणि होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ती घेतात. तिचे जुने पेपर ॲनालिसिसच्या सरावाला उत्तम. उन्हाळ्यात एमटीटीएस हे १९९३ पासून चाललेलं चार आठवड्यांचं शिबिर. तिथे व्याख्यान कमी आणि प्रश्न जास्त असतात, न येणारं फळ्यावर उभं राहून कबूल करावं लागतं. पुण्यात श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठानही आहे.

भौतिकशास्त्रासाठी मानखुर्दच्या होमी भाभा केंद्राचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचा एनआययूएस उपक्रम, भौतिकशास्त्र शिक्षकांच्या संघटनेची पदवी पातळीवरची एनजीपीई परीक्षा आणि पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचे सुट्टीतले कार्यक्रम. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी शिष्यवृत्ती दोन्ही विषयांना मिळते. या उन्हाळी कार्यक्रमांचे अर्ज बहुतांशी आधीच्या हिवाळ्यातच मागवले जातात आणि शिफारसपत्र लागतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीआधी एखाद्या तरी प्राध्यापकांना तुमचं नाव आणि तुमची वही दोन्ही माहीत असायला हवीत.

१२. तिसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये

आयआयटींच्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षा फेब्रुवारीत होते आणि अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास भरले जातात. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. पहिल्या भागात ३० बहुपर्यायी, चुकलं तर त्या प्रश्नाच्या गुणांच्या एक तृतीयांश वजा. दुसऱ्या भागात एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकणारे १०, तिसऱ्यात संख्या टाइप करायचे २०. या दोन्हींत वजा गुण नाहीत, म्हणून तिसऱ्या भागातली एकही चौकट रिकामी सोडू नका. कॅल्क्युलेटर पडद्यावरचा असतो, त्याचा सराव आधी करा.

एका उमेदवाराला दोन पेपर देता येतात, ते वेगवेगळ्या सत्रांत असले तर. अलीकडच्या वर्षांत गणित सकाळी आणि भौतिकशास्त्र दुपारी असं आलेलं आहे, त्यामुळे या जोडीच्या विद्यार्थ्यांना दोन्ही देणं जमतं. अर्ज भरतानाच दोन्ही निवडावे लागतात. त्याआधी पात्रता वाचा: भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला अनेक ठिकाणी पदवीत काही सेमिस्टर गणित झालेलं असणं आवश्यक असतं आणि गणिताच्या एमएस्सीला त्याहून जास्त. मायनरचे तुमचे सेमिस्टर बोटांवर मोजा आणि प्रत्येक संस्थेच्या अटीशी ताडून बघा.

टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) प्रवेश परीक्षा साधारण डिसेंबरात असते, गणिताची वेगळी, भौतिकशास्त्राची वेगळी. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्यांना तिथे एकात्मिक पीएचडीसाठी अर्ज करता येतो. भौतिकशास्त्रासाठी जेस्ट ही प्रवेश परीक्षाही आहे.

चौथं वर्ष करायचं की नाही, हेही याच सुमाराला ठरवावं लागतं. जॅममधून दोन वर्षांच्या एमएस्सीला जायचं असेल तर तीन वर्षांची पदवी पुरते. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना मात्र सोळा वर्षांचं शिक्षण लागतं, तिथे चौथं वर्ष उपयोगी. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर यूजीसीच्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के गुणांची अट आहे. म्हणजे तो निर्णय तिसऱ्या वर्षी घ्यायचा असला, तरी त्याचे गुण एफवायच्या पहिल्या इंटरनलपासून मोजले जात असतात.